आमच्या बाकावरचे आठ हात

माझी ताई नर्स झाली नाही. मुंबईत तिच्या शिक्षणाची दोन वर्षं झाली होती, एक राहिलं होतं. ते राहिलेलं वर्ष तिला इस्राएलमधल्या बेर्शेबाच्या इस्पितळात पुरं करता आलं असतं. का आलं नाही ते सांगायचं तर आधी माझ्या स्वभावाबद्दल सांगायला हवं. मी जन्माची संशयी. कोणी माझ्याशी गोड बोललं की लगेच माझ्या मनात पाल चुकचुकते. आई म्हणायची, हिला पेढा दिला तर ती आधी उलटा करून बघेल. आणि मी खरोखरच बघत असे.

आम्ही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे अलिबागकडचे, दोन पिढ्या मुंबईत राहिलेले. देश नवा होता तेव्हा, पन्नास सालानंतर थोड्याच दिवसांत, आमच्या घरातली नऊ माणसं इस्राएलला आली. काका, काकी, त्यांचे दोन मुलगे, थोरल्याची बायको, माझे आईबाबा, ताई आणि मी. काका म्हणजे बाबांचे थोरले भाऊ. रेल्वेच्या वर्कशॉपात फिटर होते. एका संध्याकाळी ते घरी आले, टोपी खुंटीला अडकवली आणि म्हणाले, "ट्रंका बांधा." आम्ही बांधल्या. कुठे जायचं, काय करायचं हे कोणी विचारलं नाही, आणि विचारावं असं काही आहे हे मलाही तेव्हा सुचलं नाही. मी अठरा वर्षांची होते, मॅट्रिक झालेली, आणि जगातल्या सगळ्या गोष्टींवर संशय घेत असताना काकांवर कधी घेतला नव्हता.

माझ्या ट्रंकेत कपड्यांखाली एक इंग्रजी कादंबरी होती. फोर्टातल्या फुटपाथवरून घेतलेली. तिचं कव्हर गेलं होतं, सुरुवातीची पानं गेली होती, त्यामुळे तिचं नाव काय आणि ती कोणी लिहिली हे मला आजतागायत ठाऊक नाही. शेवटची पानंही नव्हती. गोष्ट पुढच्या काळातल्या एका शहराची होती. त्या शहरात आरशांना बंदी होती. आपला चेहरा कसा आहे हे माणसाला शेजाऱ्याला विचारून कळायचं, आणि शेजाऱ्याने काय सांगायचं हे वरून ठरायचं. सगळे एकाच घंटेला उठत, एकाच घंटेला जेवत आणि आपण सुखी आहोत असं एकमेकांना सांगत. त्यातल्या एका कारकुनाला गटाराच्या कडेला आरशाचा तुकडा सापडतो. पुढे त्याचं काय झालं ते गेलेल्या पानांत होतं. मी ते पुस्तक बोटीवर दोनदा वाचलं.

आणि उतरल्यावर आम्हाला कुठे पाठवलं, तर किबुत्झवर. किबुत्झ म्हणजे सगळ्यांची मिळून एक वाडी. जमीन सगळ्यांची, गुरं सगळ्यांची, जेवण एकाच मोठ्या जेवणघरात. आमचा किबुत्झ बेर्शेबाच्या वाटेवर होता. पाण्याची टाकी, लाकडी खोल्यांच्या रांगा, कोंबड्यांची खुराडी, कांद्याची आणि गवताची शेतं, त्यापलीकडे नुसती पिवळी माती. सकाळी घंटा व्हायची. दुपारी जेवणाला घंटा व्हायची. पहिली घंटा ऐकली तेव्हा मी ताईकडे बघितलं आणि म्हटलं, "बघ, मी सांगत नव्हते?" ताई म्हणाली, "शाळेत पण होती की." पण शाळेतून घरी जायला मिळायचं, हे तिच्या लक्षात येत नव्हतं.

मग मी डोळ्यात तेल घालून बघायला लागले. कपडे धुलाईला द्यायचे तर प्रत्येकाला एक नंबर होता, तो कॉलरला शिवलेला. न्हाणीघरात सगळ्या बायकांना मिळून एकच आरसा, तोही तडकलेला. मी किबुत्झच्या सेक्रेटरी बाईंना मोडक्यातोडक्या हिब्रूत विचारलं की दुसरा आरसा का नाही. त्या पोलंडहून आलेल्या होत्या, तिशीच्या, खाकी अर्धी चड्डी घालून फिरणाऱ्या, आणि कायम हातात एक वही. त्या म्हणाल्या, "दुसरा फुटला. आधी खुराड्याची जाळी आणायची, मग आरसा." म्हणजे उत्तर तयार होतं. इतकं तयार उत्तर मला आवडलं नाही.

पहिल्याच आठवड्यात काकींची विळी गेली. आपापलं सामान सगळ्यांच्या सामानात जमा करायचं असा नियम होता. ती खोबरं खवायची विळी हातात घेऊन तिथल्या लोकांनी खूप विचार केला आणि शेवटी सुताराच्या खोलीत करवतींच्या शेजारी टांगली. काकी तीन दिवस जेवल्या नाहीत. चौथ्या दिवशी त्या तिथे गेल्या, विळी उतरवली, जमिनीवर फतकल मारली आणि सुताराच्या देखत एक कांदा बारीक चिरून दाखवला. लोक जमले, हसले, टाळ्या वाजवल्या आणि विळी परत दिली. सगळे खूश झाले. मी मात्र विचार करत बसले की इतक्या सहज परत का दिली, यात कुठेतरी पाणी मुरतंय.

सेक्रेटरी बाईंनी एकदा मला गाठलं. "दुपारी सगळे झोपतात तेव्हा तू पायरीवर बसून काय वाचतेस?" मी म्हटलं, शब्दकोश. त्या म्हणाल्या, "त्या शब्दकोशात पुढे काय होतं ते मला सांग. मीही दोन वर्षांत एक कादंबरी वाचलेली नाही." मी पुस्तक ट्रंकेत टाकलं आणि ट्रंकेला कुलूप लावलं. आता वाटतं, त्या बाईंना नुसतं वाचायला हवं होतं. पण तेव्हा मला त्यांच्या वहीत माझं नाव दिसत होतं.

पहिलं वर्ष आमचं उमेदवारीचं होतं. काम करायचं, राहायचं, पण सभेत मत नाही. तिथे दर शनिवारी संध्याकाळी शब्बाथ, म्हणजे आठवड्याचा विसाव्याचा दिवस, सुटला की जेवणघरात सगळ्यांची सभा व्हायची. तिला असेफा म्हणत. कोणाला काय काम, नवी गाय घ्यायची का, कोणाच्या आईला भेटायला जायला किती दिवस द्यायचे, सगळं तिथे हात वर करून ठरायचं. वर्ष संपल्यावर आम्हाला सभासद केलं आणि मत मिळालं. बाबांना त्या दिवशी फार अभिमान वाटला. मला वाटलं, आता हेही आम्हाला हात वर करायला लावणार.

त्याच उन्हाळ्यात गवत कापायच्या यंत्रात एका माणसाचा पंजा सापडला. किबुत्झची नर्स नेमकी बेर्शेबाला गेलेली. ताई तेव्हा धुलाईघरात चादरी धूत होती. आरडाओरड ऐकून ती धावत गेली, हातातली चादर फाडली, मनगटाच्या वर आवळून बांधली आणि ट्रकमध्ये बसून त्या माणसाचा हात आपल्या खांद्याच्या वर धरून बेर्शेबापर्यंत गेली. ती परत आली तेव्हा तिच्या झग्यावर रक्त वाळून काळं पडलं होतं आणि ती हसत होती. मुंबई सोडल्यापासून तिला असं हसताना मी पाहिलं नव्हतं. डॉक्टर तिला म्हणाले होते की हात वाचला तो बांधणाऱ्यामुळे. त्यांनीच सांगितलं की ज्यूंच्या नव्या वर्षाच्या सणांनंतर इस्पितळात नर्सिंगचा वर्ग सुरू होतोय, एक जागा आहे, मुंबईची दोन वर्षं धरता येतील. पुढच्या वर्षी तिला वयाची अट आडवी येणार होती. म्हणजे याच वर्षी, नाहीतर नाही.

जायचं तर किबुत्झची परवानगी हवी, कारण खर्च किबुत्झचा आणि काम सोडायचं तेही किबुत्झचं. सेक्रेटरी बाई आपण होऊन आमच्या खोलीवर आल्या आणि म्हणाल्या, "अर्ज कर. मी सभेपुढे ठेवते." मी ताईला नंतर म्हटलं, हिचा यात काय फायदा? ताई म्हणाली, "नर्स मिळेल किबुत्झला, एवढा फायदा पुरे नाय का?" तिला माझा राग आला होता, पण राग दाखवायला तिच्याकडे टाइम नव्हता. ती रोज हिब्रूत हाडांची नावं पाठ करत होती.

घरात तिने ही गोष्ट जेवणघरातून परत आल्यावर सगळ्यांसमोर सांगितली. सगळ्यांनी काकांकडे पाहिलं. काका बूट काढत होते. ते म्हणाले, "बघू." आमच्या घरात काकांच्या बघूचे दोन अर्थ होते आणि दुसरा जास्त वेळा खरा ठरायचा. ताईने मान डोलावली. पुढे त्यावर काही बोलणं झालं नाही. काकांपुढे असल्या गोष्टी कोणी दुसऱ्यांदा काढत नसे.

सभेच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी दोरीवर चादरी वाळत घालत होतो. ताई म्हणाली, "किती लोक हात वर करतील गो?" मी म्हटलं, "माझा हात सगळ्यांत आधी." ती म्हणाली, "आधी नको. वर असला म्हणजे झालं." आणि चिमटे तोंडात धरून हसली.

जेवणघर शनिवारी भरलं होतं. उकाडा होता, दारं सताड उघडी. आम्ही आठ जण नेहमीप्रमाणे एका बाकावर बसलो. खिडकीशी काका, मग काकी, बाबा, आई, दोघे चुलत भाऊ, वहिनी आणि दुसऱ्या टोकाला मी. ताई समोर, भिंतीशी खुर्चीवर. सेक्रेटरी बाईंनी सुरुवातीलाच नियम सांगितला. जिचा अर्ज आहे तिने मत द्यायचं नाही. आम्हा नव्या लोकांसाठी त्या मुद्दाम सावकाश, सोप्या हिब्रूत बोलल्या. काकांनी मान हलवली. शब्द न शब्द त्यांना कळला होता.

मग वाद सुरू झाला. कामवाटप करणारा उठला. "मी वकिली अर्धी सोडून इथे आलो. तो दूध काढतो, तो इंजिनियर होणार होता. आज हिला पाठवलं तर उद्या माझाही अर्ज येईल. मग कांदे कोण काढणार?" ज्याचा पंजा सापडला होता तो पट्टी बांधलेला हात घेऊन उठला आणि म्हणाला, "हा हात कुणामुळे आहे ते विसरू नका." एक बाई म्हणाली, मुलगी शिकेल आणि परत येणारच नाही. दुसरी म्हणाली, नाही आली तर नाही आली, देशाला नर्स मिळेल. नवरा एका बाजूने बोलत होता, त्याची बायको दुसऱ्या. दोन सख्खे भाऊ एकमेकांवर ओरडले. मी माझ्या कादंबरीतल्या शहराची वाट बघत होते. तिथे सगळे एका सुरात बोलायचे. इथे तर एकाचा दुसऱ्याशी मेळ नव्हता. तरी माझा संशय गेला नाही. मला वाटलं, हा नुसता देखावा, निकाल आधीच ठरलेला असणार.

"परवानगी द्यावी असं वाटणाऱ्यांनी हात वर करा." बाई म्हणाल्या.

हात वर व्हायला लागले. मी काकांकडे पाहिलं. का पाहिलं, ते सांगता येत नाही. कोणी मला तसं सांगितलं नव्हतं, मान आपली वळली. काका ताठ बसले होते. दोन्ही तळवे गुडघ्यांवर पालथे, नजर समोर, चेहरा बंद. काकींनी ते पाहिलं आणि पदर सारखा करून हात मांडीवर ठेवले. बाबांनी काकांकडे पाहिलं आणि खाली पाहायला लागले. आईने बाबांकडे पाहिलं. भावांनी काकांकडे. वहिनीने नवऱ्याकडे. बाकाच्या त्या टोकापासून या टोकापर्यंत एकही हात हलला नाही.

माझा हलला. खांद्यापर्यंत आला. तिथून मी तो केसांकडे नेला आणि नीट असलेली पिन काढून पुन्हा लावली. ताई माझ्याकडेच बघत होती.

विरुद्ध मतं मागितली तेव्हाही आमच्या बाकावरून हात वर झाला नाही. बाईंनी दोनदा मोजलं. मग त्या आमच्या बाकासमोर येऊन थांबल्या आणि काकांना म्हणाल्या, "तुम्ही? मत कशावर चाललंय ते कळलं ना?" काकांनी मोठ्या अदबीने मान हलवली. कळलं. बाईंनी आणखी एक क्षण वाट पाहिली, माझ्याकडेही पाहिलं आणि वहीत आकडा लिहिला. आठ तटस्थ. ताईचा अर्ज पाच मतांनी पडला.

त्या रात्री ताई एक शब्द बोलली नाही. सकाळी वेळेवर धुलाईला गेली. मी तिच्यासमोर जायचं टाळत होते, आणि मी का टाळते हे तिला कळत होतं म्हणून आणखी टाळत होते. दोष मी मनातल्या मनात वाटून टाकला. थोडा कामवाटप करणाऱ्याला, थोडा बाईंच्या वहीला, आणि बाकीचा सगळा काकांना. पहिल्यांदाच मला काकांचा राग आला. हा माणूस एक शब्द न बोलता एका मुलीचं आयुष्य गुडघ्याखाली दाबून ठेवू शकतो, असं मला वाटायचं. पुस्तकातलं ते वर बसलेलं माणूस मला अखेर सापडलं, आणि ते आमच्याच बाकावर होतं. खरं सांगायचं तर त्यात मला थोडं समाधानही होतं. माझा संशय खरा निघाला होता, फक्त पत्ता चुकला होता.

दोन आठवडे गेले. एका दुपारी मला आणि काकांना कांदे निवडायला एकत्र लावलं. आम्ही छपराखाली समोरासमोर बसलो होतो, मध्ये ढीग. त्यांनी एक पाटी भरली. मग म्हणाले, "पोरगी अजून गपच हाय ना गो?"

मी म्हटलं, "मग काय गाणी म्हणेल?"

इतकं तोडून मी काकांशी कधी बोलले नव्हते. त्यांनी कांदा खाली ठेवला. "ह्या लोकांनी असं करायला नको होतं. पाच मतांनी पडली बघ. आपली आठ असती तर पार झाली असती. पण करणार काय, आपल्याला तर मत नव्हतं."

मला आधी कळेचना ते काय बोलतात. मी विचारलं, "कोणी सांगितलं आपल्याला मत नव्हतं?"

"अगो, तुझ्यासमोर तर सांगितलं. जिचा अर्ज तिने मत द्यायचं नाय. म्हणजे घराने द्यायचं नाय. आपल्या गावच्या मशिदीत तेच नव्हतं काय?" सिनेगॉगला, म्हणजे ज्यूंच्या प्रार्थनाघराला, आमच्यात मशीदच म्हणत. "जमात बसली आणि कुणाच्या घरची गोष्ट निघाली की त्या घरची माणसं हाताची घडी घालून गप बसायची. जमातीचा मुकादम असला तरी. आपल्याच घरच्या कामाला आपणच हात वर करायचा, म्हणजे लाज सोडली म्हणायचं. माझ्या लग्नाच्या वेळी माझा बाप असाच बसला होता. बाकीचे बोलतात, आपल्या घरासाठी. इकडे कोणी पुरं बोललं नाय."

माझ्या हातातला कांदा तसाच राहिला. मी म्हटलं, "काका, तुम्हाला ताईला पाठवायचं होतं?"

"म्हणजे काय? तुझी काकी एलियाहू हन्नबीला मलिद्याचा नवस बोलली होती, पोरीचं काम झालं तर. मलिद्याला पोहे लागतात, ते इकडे कुठे मिळणार? मी बेर्शेबाच्या बाजारात दोन खेपा घातल्या. कोचीनवाल्या एका माणसाने आणून देतो म्हटलंय." त्यांनी एक कुजका कांदा बाजूला टाकला. "अजून आणून देतो म्हणतो. त्याला नको म्हणून सांगायला माझा पाय उचलत नाय."

मी त्यांना सांगितलं. इथे अर्ज माणसाचा असतो, घराचा नसतो. मत फक्त ताईला नव्हतं. आपल्या आठही जणांना होतं. मी हे सांगत असताना काकांचा चेहरा हळूहळू उतरत गेला. या माणसावर मी दोन आठवडे जळत होते आणि तो पोहे शोधत हिंडत होता, याची मला लाज वाटली.

मग त्यांनी विचारलं, "मी म्हातारा, मी चुकलो. तुम्हाला ठाऊक होतं ना मत आहे म्हणून? मग तुम्ही का नाय हात वर केला?"

ते आरोप करत नव्हते. त्यांना खरोखर कळत नव्हतं. मी म्हटलं, "तुम्ही केला नाही म्हणून." काका म्हणाले, "मी कधी सांगितलं करू नका म्हणून?"

संध्याकाळी मी घरातल्या एकेकाला गाठून विचारलं. बाबा म्हणाले, मला वाटलं दादाच्या मनात नाही. आई म्हणाली, मला वाटलं तुम्हा पुरुषांचं काही ठरलंय. धाकटा भाऊ म्हणाला, सगळे गप्प होते म्हणून मी गप्प. आणि काकी, ज्या नवस बोलल्या होत्या, त्या म्हणाल्या, "ह्यांनी हात गुडघ्यावर ठेवले, मग मी कशी वर करणार?" काकांना मत नाही असं त्यांना मुळीच वाटलं नव्हतं. त्यांना वाटलं होतं नवऱ्याने ऐनवेळी विचार बदलला, आणि त्याबद्दल त्यांनी दोन आठवड्यांत त्याला एकदाही विचारलं नव्हतं.

पुढे त्या जातीच्या कादंबऱ्या मी बऱ्याच वाचल्या. जिथे सगळे एकसारखे वागतात, एकच एकटा बंड करतो आणि त्याला चिरडलं जातं, असल्या. त्या सगळ्यांत वर कोणीतरी बसलेलं असतं. हुकूम कोणाचा ते ठाऊक असतं, म्हणून वाचणाऱ्याला बरं वाटतं, कारण आपण त्या एकट्याच्या बाजूचे आहोत असं त्याला समजता येतं. मलाही वाटायचं. पण आमच्या बाकावर हुकूमच नव्हता. ज्याचा हुकूम म्हणून आम्ही आठ जण, म्हणजे सात जण, पाळत बसलो होतो तो माणूस मनातून ताईसाठी प्रार्थना करत होता. माझ्या त्या फाटक्या पुस्तकात असं कुठेच लिहिलेलं नव्हतं. निदान जी पानं माझ्याकडे होती त्यांत नव्हतं.

काका दुसऱ्याच दिवशी कामावरून परस्पर सेक्रेटरी बाईंकडे गेले. मला दुभाषी म्हणून बरोबर नेलं. बाईंनी सगळं ऐकून घेतलं, हसल्या नाहीत. म्हणाल्या, सणांच्या आधी एक सभा आहे. कोणत्याही सभासदाला तोच अर्ज पुन्हा पुढे आणता येतो, फक्त मुलीची स्वतःची सही पाहिजे. इस्पितळाला मी कळवते, जागा तोवर धरतील. मी त्यांच्या बोलण्यात खोट शोधायचा प्रयत्न केला. सापडली नाही. बाहेर आल्यावर काका म्हणाले, "ह्या वेळी मी उभा राहतो आणि बोलतो. आपले सगळे हात वर होतील, तू बघ."

मी धावत धुलाईघरात गेले. ताई वाळलेल्या चादरींच्या घड्या घालत होती. मी तिला एका दमात सगळं सांगितलं. मशिदीतली रीत, मलिदा, पोहे, पुन्हा सभा, फक्त एक सही. काकांचं मन नव्हतं असं नाही हे ऐकून तिचे डोळे भरले. तिने चादर खाली ठेवली आणि झग्याच्या बाहीने तोंड पुसलं. मला वाटलं, झालं, सुटलो.

"काकांना सांग," ती म्हणाली, "माझा राग नाय. त्यांच्यावर तर मुळीच नाय."

"आणि सही?"

"सही नाय करणार मी."

मला वाटलं तिला नीट कळलं नाही. मी पुन्हा सांगायला लागले तेव्हा तिने मला थांबवलं. "कळलं मला. काका उभे राहतील, बोलतील आणि सगळे हात वर होतील. त्या दिवशी काकांचे खाली होते म्हणून खाली होते. आता काकांचा वर असेल म्हणून वर होतील. माझ्यासाठी त्यांत एक पण नाय. असल्या हातांवर मी नाय जाणार."

मी म्हटलं, "वेडी आहेस का तू? जायचं महत्त्वाचं. हात कसे का वर होईनात." वर्ग, वयाची अट, ती ट्रकमधून हसत आली तो दिवस, जे सुचलं ते सगळं मी बोलले. तिने सगळं ऐकून घेतलं. तिच्या आवाजात राग असता तर मला बरं वाटलं असतं, पण नव्हता.

शेवटी मी म्हटलं, "बाकीच्यांचं जाऊ दे. माझा हात तरी माझा स्वतःचा असेल."

ताईने माझ्याकडे पाहिलं. मग दुसरी चादर उचलली.

"मग त्या शनिवारी कोणाचा होता?" तिने विचारलं.